मोरपंखी आणि दगडावरची खरूज

नांदेड,
६ ऑगस्ट २०२३

चि. शिवशंकर,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी भांडण.

फोन न करता पत्र लिहिते आहे, त्याचं कारण तुला ठाऊक आहे. फोनवर तुला न आवडणारं काही बोललं की लातूरचं नेटवर्क जातं. मी उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. लाइन कधी तुटते आणि माणूस कधी पळतो, यातला फरक मला निवृत्तीनंतरही कळतो.

परवा मी तुझ्या घरी जेवायला बसले होते. तुझी मुलगी ऋतुजा, जी चार वर्षं पुण्यात संशोधन करते आहे, आनंदानं सांगत होती की शिरूर अनंतपाळच्या आपल्या शेतात, ओढ्याकाठच्या मोठ्या दगडावर तिला एक दगडफूल सापडलं आहे. मसाल्यातलं नेहमीचं नव्हे. मराठवाड्यात आजवर कुणी न नोंदवलेलं. आणि तू, तोंडात भाकरीचा घास असताना काय म्हणालास? "अगं, त्यापेक्षा मोरपंखी बघ. कुठंही लावली तरी येते. कापावी तशी राहते. बारा महिने हिरवी. तुझ्या दगडफुलाला ना पान, ना फूल, ना सावली. मुलीनं कसं, मोरपंखीसारखं असावं."

पोरीचा घास हातातच राहिला. तुझी बायको, नीला, ताक आणायच्या निमित्तानं आत गेली. तू दुसरी भाकरी मागितलीस.

मला झाडापानांतलं काही कळत नाही. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी मला शिवणकाम, इंग्रजी व्याकरण आणि मूर्खांशी सभ्यपणे बोलणं अशा तीन गोष्टी शिकवल्या. तिसरी मला कधी जमली नाही. म्हणून निघताना बसस्टँडवर ऋतुजाकडून सगळं नीट विचारून घेतलं.

मोरपंखी म्हणे देवदाराच्या लांबच्या गोतावळ्यातली. मूळची चीनकडची. आज ती प्रत्येक दवाखान्यापुढे, प्रत्येक पेट्रोल पंपावर आणि प्रत्येक मंगल कार्यालयाच्या दारात उभी असते. जिथं मालकाला काय लावावं ते सुचत नाही, तिथं मोरपंखी. तिचा बिचारीचा दोष नाही, तिला कुणी विचारलेलं नाही. तू मात्र लहानपणी विद्या यावी म्हणून पुस्तकभर तिची पानं ठेवायचास. पुस्तकाला विद्या आली असेल.

आणि दगडफूल म्हणजे एक वस्तीच. बुरशी घर बांधते, शेवाळ स्वयंपाक करतं, दोघं मिळून शे-दीडशे वर्षं गुपचूप जगतात. तुमच्या घरातही हीच व्यवस्था आहे. फक्त तुमच्याकडे बुरशी भाषणही करते.

ते वर्षाला तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढं वाढतं. या दगडावरचं बशीएवढं आहे. म्हणजे ते तुझ्याआधी जन्मलं आहे, आणि मला खात्री आहे, तुझ्यापेक्षा कमी त्रास देऊन.

आता मुद्दा. त्याच्यावर बारीक वाट्या येतात, त्या हिवाळ्याच्या तोंडी. त्या पाहिल्याशिवाय खात्रीनं काही म्हणता येत नाही. ऋतुजाच्या मार्गदर्शक बाई डिसेंबरात स्वतः बघायला येणार आहेत आणि तोवर त्याला हातही लावू नको, असं त्यांनी बजावलं आहे. तू मात्र दिवाळीनंतर जेसीबी बोलावला आहेस. फार्महाऊसच्या रस्त्यासाठी दगड उचलायचा आणि दोन्ही बाजूंना मोरपंखी लावायची.

डिसेंबरपर्यंत तो दगड जागचा हलता कामा नये. पोरीची चार वर्षं त्याच्यावर उभी आहेत.

आशीर्वाद.

तुझी,
अक्का

*

लातूर,
१७ ऑगस्ट २०२३

ती. अक्का,

नमस्कार पोहोचो. तुझं पत्र नीलानं मोठ्यानं वाचून दाखवलं. बुरशीच्या वाक्यापाशी ती इतकी हसली की दोनदा वाचावं लागलं.

अक्का, मी इंजिनिअर माणूस. मला शिस्त दिसली की बरं वाटतं. मोरपंखी हे शिस्तीचं झाड हाय. रांगेत उभी राहते, पाहुण्यांना दिसते, फोटोत येते. आता ऋतुजाचं म्हणशील तर मला लोक विचारतात, "साहेब, मुलगी काय करून राहिली?" मी काय सांगू? दगड बघून राहिली? मुरुडच्या पाहुण्यांनी तर विचारलं, "म्हणजे ज्योतिषाच्या खड्यांचं काम का?" मी हाव म्हणालो. दुसरं काय म्हणू.

तरी तुझ्या शब्दाखातर परवा शेतात जाऊन आलो. गुडघे धरून ओढ्यात उतरलो, चष्मा पुसून दगड बघितला. वरच्या अंगाला एक भाग बरा दिसला. हात फिरवला, मऊ लागला. पोरीला त्यात काय दिसलं ते थोडं ध्यानात आलं. बाकी सगळी खरूज. तो भाग चांगला राहायचा तर ती खरूज पसरू द्यायला नको, असं माझं मत.

जेसीबी रद्द केला. रस्ता दगडाला वळसा घालून नेऊ. पैसे वाढतील, पण तुझं तोंड बंद होत असेल तर स्वस्तच हाय.

पोरगी माझ्याशी अजून धड बोलत नाही. फोन केला की "आईला द्या" म्हणते. तिच्यासाठी काही करावं असं लई वाटतं, पण तिच्या कामात माझ्यासारख्यानं करण्याजोगं काय असतं, तेच कळत नाही.

तुझा,
शिवशंकर

*

नांदेड,
२६ ऑगस्ट २०२३

चि. शिवशंकर,

तू गुडघे धरून ओढ्यात उतरलास, हे वाचून मी पत्र देवापुढे ठेवलं. शेजारच्या महामायाबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुमचा भाऊ सुधारतोय." मी म्हटलं, घाई नको.

ऋतुजासाठी काय करावं, असं विचारतोस. साठी उलटल्यावर का होईना, प्रश्न बरा सुचला. उत्तर सोपं आहे. पण तुम्हा लोकांना पाटी लागल्याशिवाय कशाची किंमत कळत नाही. नाल्यावर फूटभर पूल बांधला तरी त्याला संगमरवरी पाटी. मग लाव एक पाटी त्या दगडावर. चांगल्या ठळक अक्षरांत. एखादा माजी सभापती बोलाव, फीत काप, नारळ फोड. कोपऱ्यात तुझंही नाव घाल. तेव्हा कुठं तुझ्या डोळ्यांना ते दगडफूल दिसेल.

मुरुडच्या पाहुण्यांना सांग, आमची मुलगी ज्योतिषाचे खडे नाही बघत, पण तुमचं भविष्य मी फुकट सांगते.

तुझी,
अक्का

*

लातूर,
३० ऑक्टोबर २०२३

ती. अक्का,

नमस्कार.

पत्राला उशीर झाला, कारण काम हाती घेतलं. तुझी सूचना मनापासून पटली. जन्मात पहिल्यांदा तू मला करण्यासारखं काहीतरी सांगितलंस. काय ते आत्ता सांगत नाही. ऋतुजाला यातलं अक्षर बोलू नको, तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा हाय. बाई डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतील, त्याच दिवशी.

नीलानं दिवाळीसाठी काळा मसाला नव्यानं केला. तुझ्यासाठी बरणी पाठवून राहिलो. ती म्हणते यंदा दगडफूल घरचंच, बाजारातलं नाही, म्हणून वास बघ.

तुझा,
शिवशंकर

*

नांदेड,
२० नोव्हेंबर २०२३

चि. शिवशंकर,

मसाला पोहोचला. नीलाला सांग, असा मसाला मी बऱ्याच वर्षांत खाल्ला नाही. आमटी केली, भरली वांगी केली, नुसत्या भाकरीवर तेल घालूनही खाल्ला. महामायाबाईंना वाटीभर दिला, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी रिकामी वाटी पुन्हा पाठवली. आता बरणीत तळाशी चमचाभर उरला आहे. थोडं जपून खायला हवं होतं, पण जपून खाण्याचा स्वभाव असता तर मी लग्न केलं असतं.

तुझ्या आश्चर्याच्या धक्क्याची मला भीती वाटते. मागच्या वेळी तू असा धक्का दिलास तेव्हा नीलाच्या वाढदिवसाला विहिरीवरची मोटार आणली होतीस. काय करतो आहेस? कोणती सूचना? मी तुला इतक्या सूचना केल्या आहेत, त्यातली तुला नेमकी कोणती पटली? उत्तर लगेच पाठव. फोनही चालेल, यावरून माझी काळजी ओळख.

तुझी,
अक्का

*

लातूर,
५ डिसेंबर २०२३

ती. अक्का,

नमस्कार. मुद्दाम फोन केला नाही, कारण तू माझ्याकडून काढून घेतलं असतंस.

काल कार्यक्रम झाला. आता सविस्तर लिहितो. वीरण्णा पेंटर मुरुडहून आणला. दसरा झाल्या झाल्या दगड तारेच्या ब्रशनं स्वच्छ घासून घेतला. वरच्या अंगाचा तो मऊ, हिरवागार, मखमलीसारखा भाग होता, त्याला धक्का लागू दिला नाही. मी स्वतः त्यावर भिजलं पोतं धरून बसलो होतो. बाकी सगळी राखाडी खरूज काढली. ओढ्याच्या बाजूला एक मोठी थोरली चकती होती, करपलेल्या पापडासारखी. ती नीलानं सुरीनं सोडवून घेतली. म्हणाली, "हे तर मसाल्याचंच दिसतंय, फेकायचं कशाला?" धुऊन, वाळवून, तेलात तळून मसाल्यात घातली. तू ज्याची तारीफ केलीस तोच तो वास.

मग दगडाला पांढरा ऑइल पेंट, दोन हात. खाली गेरूचा पट्टा. त्यावर निळ्या अक्षरांत: "अतिदुर्मिळ दगडफूल संवर्धन स्थळ. संशोधक: कु. ऋतुजा." मखमलीकडे बाण. भोवती मोरपंखीची रांग. माझं नाव घातलं नाही, अक्का. तू टोमणा मारला होतास, पण खरंच घातलं नाही. फक्त तिचं.

माजी सभापतींनी फीत कापली. पंधरा मिनिटं बोलले, मोरपंखीचं कौतुक केलं. मग पडदा काढला. ऋतुजानं दगड बघितला आणि मटकन खाली बसली. आनंदच तेवढा झाला असणार. तिच्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग बाईंनी विचारलं, "हे तुमच्या वडिलांनी केलं?" मी पुढं झालो आणि म्हणालो, "हाव, मीच."

रात्रीपासून पोरगी खोलीत हाय. दमली असेल. बाई चहा न घेताच गेल्या, त्यांना पुण्याची गाडी होती.

तुला आवडलं का, कळव.

तुझा,
शिवशंकर

*

लातूर,
१२ डिसेंबर २०२३

प्रिय आत्या,

तुझे सगळे फोन आले. घेतले नाहीत, माफ कर. तुझ्याशी बोलले असते तर रडले असते, आणि या घरात सध्या मी रडले की अप्पा डॉक्टर बोलावतात.

सगळं गेलं. अप्पांनी जपलेली मखमल म्हणजे साधं शेवाळ, आपल्या न्हाणीघराच्या मागे उगवतं तेच. माझं दगडफूल होतं ते "करपलेला पापड". माझ्याकडे नखाएवढा तुकडा आहे आणि फोटो आहेत. बाई म्हणतात, एवढ्यावर नोंद होत नाही, वाट्या आलेला पूर्ण नमुना लागतो. तो प्रबंधातला मुख्य भाग होता. आता तो गाळायचा. वर्षभराचं काम वाढलं.

तुझ्या बरणीत मसाला उरला आहे का, असं विचारणार होते. मग म्हटलं, कुटलेल्या मसाल्यातून वाट्या कोण शोधणार? आत्या, ते आजवर कुणी खाल्लं नसेल. चव कशी होती, ते तरी एकदा लिहून पाठव. एवढी एक नोंद आपल्या घराण्याच्या नावावर राहू दे.

अप्पांना मी दोन दिवस काही सांगितलं नाही. ते येताजाता विचारायचे, "आवडलं ना?" शेवटी आईनं सांगितलं. रागावून नाही, भाजी निवडता निवडता. त्यांनी ऐकलं, चपला घातल्या आणि बाहेर पडले. संध्याकाळी फोन आला की साहेब शेतात आहेत. गेले तर दगडापुढे बसून चिंधी आणि थिनर घेऊन रंग काढत होते. म्हणाले, "मागची बाजू मोकळी झाली बघ. इथून पुन्हा उगवेल का?" मी म्हटलं, "अप्पा, थिनरनं उरलंसुरलंही मरेल. हात लावू नका. आता काही करू नका." ते मान वर न करता म्हणाले, "काही करू नका म्हणजे नक्की काय करू?"

आत्या, मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. चार वर्षांचं ओरडणं साठवून ठेवलेलं होतं. पण त्या पांढऱ्या दगडावर त्यांनी माझं नाव इतकं मोठं लिहून घेतलंय की ओढ्यापलीकडच्या रस्त्यावरूनही वाचता येतं.

आणि एक. पाटीची कल्पना तुझी होती, असं ते सांगतात. ते तुझी पत्रं शब्दशः वाचतात, हे तू यापुढे लक्षात ठेव.

तुझी,
ऋतुजा

*

लातूर,
१ फेब्रुवारी २०२४

ती. अक्का,

नमस्कार. तू दोन महिने पत्र लिहिलं नाहीस. तू शिव्या दिल्यास तर मला सवय हाय. गप्प बसलीस की भीती वाटते.

थोडक्यात लिहितो. मोरपंखी काढून टाकली. झाडं वाईट नव्हती, शाळेला देऊन टाकली. तिथं ती रांगेत उभी आहेत. रंग तसाच हाय, ऊन-पावसानं जाईल तेव्हा जाईल, असं ऋतुजा म्हणाली. ती महिन्यातून एकदा येते, मागच्या अंगाला भिंग लावून बसते. मागच्या खेपेला तिला सांदीत एक ठिपका दिसला. मोहरीएवढा, राखाडी. मी विचारलं, "तेच का?" ती म्हणाली, "चार-पाच वर्षांनी सांगता येईल." मी विचारलं, "आणि बशीएवढं कधी होईल?" तर तिनं पुन्हा भिंग डोळ्याला लावलं. मी हिशेब केला नाही. इंजिनिअर असून केला नाही.

सव्वीस जानेवारीच्या आधी गावातली माणसं बादली घेऊन आली. रस्त्याच्या सगळ्या झाडांना, दगडांना चुना-गेरू मारत निघाली होती. म्हणाले, "साहेब, तुमच्या संवर्धनाचा रंग उडायला लागला, नवा हात मारतो. फुकट." मी दगडापुढं खुर्ची टाकून बसलो. म्हटलं, इथं काही करायचं न्हाई. त्यांना वाटलं मला बरं नाही. त्यांच्यातल्या निवृत्ती नावाच्या माणसानं मला घरी सोडतो म्हणून हात धरला. तुमच्या भल्याचंच करून राहिलो, साहेब, असं म्हणाला. अक्का, मी हात हळूच सोडवून घेतला. पण उठलो नाही.

आता रोज जाऊन बसतो. काही करत नाही. फार अवघड हाय. दुपारी हात शिवशिवतात. परवा थोडं पाणी तरी शिंपडावं वाटलं, ऋतुजाला फोन केला, ती नको म्हणाली. पण "आईला द्या" म्हणाली नाही. पाच मिनिटं बोलली.

तुला काही सुचवायचं असेल तर लिही. शब्दशः करणार नाही, आधी तिला विचारीन.

तुझा,
शिवशंकर

*

नांदेड,
११ फेब्रुवारी २०२४

चि. शिवशंकर,

आशीर्वाद या वेळी आधी.

मी गप्प का होते, ते सांगते. दोन महिन्यांत मी तुला सात पत्रं लिहिली आणि सातही फाडली. प्रत्येकाची सुरुवात तुझ्या मूर्खपणापासून व्हायची, आणि अर्ध्या पानावर माझ्याच पत्रातली ती पाटी आडवी यायची. वर तू तुझ्या ऑगस्टच्या पत्रात "मऊ लागला" असं साफ लिहिलं होतंस. मी ते वाचलं होतं; मऊ असतं ते शेवाळ, दगडफूल नव्हे. तुला टोमणा कुठला मारावा, या विचारात तो शब्द मी तसाच पुढे जाऊ दिला. टेलिफोनवर हजारो लोकांचं बोलणं ऐकलं, भावाचं एक वाक्य ऐकता आलं नाही.

तेवढ्यानं तू सुटलास असं समजू नकोस. तू मूर्खच आहेस. पण गावभरच्या माणसांपुढं, बरं नसलेला म्हातारा दिसायची तयारी ठेवून तू खुर्चीतून उठला नाहीस, हे मला तुझ्याकडून अपेक्षित नव्हतं. तू बांधलेला कुठला पूल मी आजवर बघायला आले नाही. हे बघायला येणार आहे. पुढच्या सोमवारी सकाळच्या बसनं निघते.

ऋतुजाला विचार, आणखी एक माणूस तिथं बसलं तर चालेल का. दगडापासून किती लांब, तेही विचार. ती म्हणेल तिथं माझी खुर्ची टाक.

मी बोलणार नाही. दुपारपर्यंत तरी नाही.

तुझी,
अक्का